पंधरा अँपिअरच्या आत

दत्ताचा फोन सकाळी सातला आला. "वसंता, मंगल गेली रे. पहाटे. झोपेतच." मग म्हणाला, "ये. घाई करू नकोस. आणि हार आणू नकोस, घरात ठेवायला जागा नाही." मी शर्ट चढवला आणि निघालो. मंगल सावर्डेकरच्या मरणाची बातमी तिच्या नवऱ्याने याच भाषेत द्यायला हवी होती. त्या घरात पाल्हाळ लावायची पद्धत नव्हती.

याला आता पाच आठवडे झाले. मधल्या काळात त्यांच्या सोसायटीच्या फाटकावर एक फलक लागला, 'मुलुंडच्या रंगभूमीचा प्रकाशस्तंभ हरपला'. खाली मंगलचा फोटो आणि तिच्या फोटोपेक्षा मोठे, तो लावणाऱ्यांचे फोटो. तिने हे वाचलं असतं तर एवढंच विचारलं असतं, किती वॉटचा? प्रकाशस्तंभ वगैरे ती कधीच नव्हती. अंधेरीच्या निर्यात वसाहतीतल्या एका कारखान्यात ती परदेशी जाणाऱ्या यंत्रांच्या सर्किटच्या पट्ट्यांवर सोल्डरिंग करायची. सकाळी कारखान्याच्या बसने जायची, संध्याकाळी त्याच बसने यायची, आणि दिवसभर भिंगाखाली तांदळाच्या दाण्याएवढे सुटे भाग चिकटवल्यावरही तिच्या बोटांना घरी स्वस्थ बसवत नसे. हिच्या हातून आमच्या उपनगरातल्या नाटकाचं जे भलं झालं ते कुठे लिहिलेलं नाही. म्हणून मी लिहितो आहे.

ऐंशीनंतरची ती वर्षं. आमची नाटकमंडळी म्हणजे विमा कचेरी, बँक आणि टपाल खात्यातून सुटल्यावर उरलेली माणसं. मी लेखक आणि दिग्दर्शक होतो, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. दत्ता आमच्याकडे पोलिसांच्या भूमिका करी. नाटकात पोलीस नसला तर मी दत्तासाठी घालत असे. त्याच्याबरोबर तालमीला मंगल यायची, कोपऱ्यात बसून शेंगा खायची. "मला नाटकातलं काही कळत नाही हां," असं आधी सांगून मग त्यात नेमकं काय चुकतंय ते सांगायची.

तेव्हा दिव्यांची परिस्थिती कशी होती हे आज सांगायला हवं. दिवा एकदम न लावता हळूहळू वाढवणारं आणि उतरवणारं यंत्र म्हणजे डिमर. शहरातल्या मोठ्या नाट्यगृहांत ते कपाटाएवढे असत. कंत्राटदाराकडून भाड्याने आणायचे म्हटलं तर टेम्पो आणि चार माणसं लागत, आणि ते भाडं आमच्या अख्ख्या नाटकाला पुरलं असतं. त्यामुळे उपनगरातल्या शाळांच्या हॉलमध्ये आमची पहाट खटक्यासरशी व्हायची आणि संध्याकाळही. काहीजण मिठाच्या पाण्याचा डिमर करत. चिनी मातीच्या बरणीत खारं पाणी, त्यात वायरला जोडलेल्या दोन पट्ट्या. पट्ट्या जवळ आणल्या की दिवा वाढे, लांब नेल्या की उतरे, आणि मधल्या मध्ये पाणी उकळे. आमच्याकडेही अशी एक बरणी होती. ती मंगलने पहिल्यांदा पाहिली तेव्हा विंगेत वाफ कोंदली होती.

"हे लोणचं कोण घालतंय?" तिने विचारलं.

"डिमर आहे तो," मी जरा तोऱ्यात म्हणालो.

"कुणीतरी मरेल रे यात हात घालून. आणि मेला की तू त्याच्यावर नाटक लिहिशील."

त्याच प्रयोगात दुसऱ्या अंकात हॉलचा मुख्य फ्यूज उडाला. नुसता हॉल नव्हे, मुख्याध्यापकांच्या खोलीपासून शेजारच्या शिवणवर्गापर्यंत सगळं अंधारात गेलं. शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब स्वतः प्रेक्षकांत होते. त्यांना अंधारात बाहेर पडताना पायरी दिसली नाही. फार लागलं नाही, पण मान दुखावली… म्हणजे मानेचं हाड नव्हे, दुसरा मान. आठवड्याभरात पत्र आलं : नाट्यप्रयोगांसाठी सभागृह यापुढे मिळणार नाही.

मुलुंडमध्ये आम्हाला परवडणारा तो एकच हॉल होता. मी निषेधाचं अडीच पानी पत्र लिहिलं, त्यात ग्रीक नाटकाचा उल्लेख होता. मंगल पत्र न लिहिता थेट अण्णासाहेबांच्या खोलीत गेली. मी बरोबर होतो म्हणून सांगू शकतो. ती म्हणाली, "साहेब, मुलुंडात राहणाऱ्याने मुलुंडात नाटक का करू नये? एक प्रयोग द्या. फ्यूज उडाला तर पुन्हा मागायला येणार नाही. लिहून देते." आणि दिलंही लिहून. फ्यूज उडाल्यास या मंडळास सभागृह कायमचे बंद, जबाबदारी माझी, सौ. मंगल दत्ताराम सावर्डेकर. आमच्या नाट्यमंडळाचा अध्यक्ष मी होतो. माझी सही कुणी मागितली नाही आणि मीही आग्रह धरला नाही.

मग तिने पेटी करायला घेतली. सुट्टीच्या दिवशी लॅमिंग्टन रोडला जाऊन सुटे भाग आणले. घरातल्या पंख्याचा नवा, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तिने आधीच उघडून पाहिला होता. त्यात जो नखाएवढा भाग वीज कापून कापून पुढे सोडतो, त्याचा थोरला भाऊ तिने दिव्यासाठी निवडला. त्याची उष्णता निघून जावी म्हणून ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या, दिव्यातून आणि ध्वनिवर्धकातून घूंघूं येऊ नये म्हणून स्वतः गुंडाळलेल्या तारेच्या रिळी, आणि वर फिरवायला जुन्या रेडिओंची चार बटणं, चारही वेगळ्या रेडिओंची. हे सगळं बसवलं एका पत्र्याच्या पेटीत. ती पेटी दत्ताचे वडील गिरणीत लागायला कोकणातून आले तेव्हा घेऊन आले होते. तिला भोकं पडलेली पाहून दत्ताची आई कळवळली, "ह्या काय केलंस गो? पेटयेची पार चाळण केलंस!" मंगल म्हणाली, "आई, कपडे तापत नाहीत. हे तापतं. याला वारा हवा." म्हातारीला ते पटलं, कारण पुढच्या आठवड्यात तिनेच माळ्यावरची दुसरी पेटी खाली काढून दिली. दोन पेट्या, आठ बटणं, आठ दिवे. एका हातात एक अशा दोन्ही पेट्या दत्ता जिन्यावरून उतरवायचा आणि रिक्षात घालायचा. सबंध नाट्यगृहाचं कपाट रिक्षात मावतंय हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पण खरी गोष्ट पेटीची नाही, हिशेबाची आहे. हॉलची वायर पंधरा अँपिअरची. आमचा प्रत्येक दिवा पाचशे वॉटचा, म्हणजे साधारण सव्वादोन अँपिअर. सहा दिवे पूर्ण लागले की तेरा. सातवा लागला की पंधराच्या बाहेर. "म्हणजे दोन अर्धे लावू," मी हुशारी दाखवली. "अर्धा उजेड म्हणजे अर्धा करंट नव्हे, वसंता. उजेड लवकर मरतो, करंट मागे रेंगाळतो." हे तिने मोजून पाहिलं होतं. म्हणून तिने माझं अख्खं नाटक पुन्हा लिहिलं. संवाद नव्हे, दिवे. कुठलाही दिवा वर जायचा असेल तर आधी दुसरा खाली आला पाहिजे. एक वर, तर एक खाली. नटांना तिने तसं पढवलं. नायिका खिडकीशी गेली की स्वयंपाकघर विझणार, म्हणून स्वयंपाकघरातल्या बाईने आपलं वाक्य त्याआधी संपवायचं. माझ्या नाटकातली कितीतरी पाल्हाळं त्या वर्षी विजेअभावी गेली. समीक्षकांनी नंतर 'बांधीव लेखन' म्हणून मला शाबासकी दिली. मी ती घेतली.

भांडण झालं ते शेवटावरून. नाटकात एक निवृत्त म्हातारा बाप एका खोलीच्या वाटणीच्या काळजीने रात्रभर जागा राहतो आणि शेवटी उजाडतं. नाटकाचं नाव सांगत नाही, माझ्यावर उपकार म्हणून तुम्हीही विचारू नका. मला तिथे आठही दिवे हवे होते.

"सहा," मंगल म्हणाली.

"मंगल, शेवट आहे हा! सूर्य उगवतोय!"

"मग सूर्याला सांग, पंधरा अँपिअरच्या आत उगव."

तालमीला बसलेले सगळे हसले. मी चिडलो. कलेशी तडजोड वगैरे बोललो, बहुधा इंग्रजीत. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आठवा टांग तू. टांगायला करंट लागत नाही. पण उजाडणार सहांवर. तू फक्त मला आधीची आठ मिनिटं दे." त्या आठ मिनिटांत ती दिवे इतके सावकाश उतरवणार होती की उतरताहेत हे कुणाला कळू नये. शेवटी बापाच्या चेहऱ्यावर एकच दिवा, तोही मंद. "लोकांचे डोळे अंधाराला सरावले ना, की सहाचे साठ होतात. बघशील."

प्रयोग मे महिन्यातला. हॉल भरला होता, हवा नावालाही नव्हती. शाळेचे शिपाई गावडेमामा आधी आमच्यावर खार खाऊन होते, कारण मागच्या वेळी फ्यूजची तार घालायला त्यांना मेणबत्ती धरून स्टुलावर चढावं लागलं होतं. मंगलने त्यांनाच कामाला लावलं. "मामा, तुम्ही मुख्य बोर्डापाशी उभे राहा. दर पाच मिनिटांनी त्याच्या लाकडावर तळहात ठेवा. ताप आल्यासारखं लागलं तर मला खूण करा." त्या दिवसापासून गावडेमामा स्वतःला प्रकाशयोजनेत मोजू लागले.

सुरुवातीच्या पाच मिनिटं आधी अण्णासाहेब आले. पहिल्या रांगेत मधोमध खुर्ची, खुर्चीवर पांढरा टॉवेल. मामांनी त्यांच्यासाठी मुख्याध्यापकांच्या खोलीतला उभा पंखा आणला आणि प्लग हातात घेऊन विंगेत आले. हॉलमध्ये आणखी एकच प्लग होता, तो आमच्या टेपरेकॉर्डरने अडवलेला. मंगल तेव्हा मागे शिडीवर होती. अण्णासाहेब उभेच होते, पंखा लागेपर्यंत बसणार नाही अशा बेताने. सत्कार, हारतुरे, टॉवेलच्या खुर्च्या यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. वाचकांपैकी काहींनी ती वाचलीही असेल. तर त्या क्षणी त्याच मी मामांच्या हातून प्लग घेतला, एक जोड-प्लग शोधला आणि अध्यक्षांचा पंखा मंगलच्या दुसऱ्या पेटीत, सात नंबरच्या दिव्याच्या जोडीला खोचून दिला. सात नंबर बापाच्या खुर्चीमागचा, जवळजवळ सबंध नाटकभर लागलेला. पंखा फिरला. अण्णासाहेब बसले. मला हायसं वाटलं.

शेवटच्या प्रवेशापर्यंत सगळं ठीक चाललं. मग आठ मिनिटांची ती उतरण सुरू झाली. हॉलमध्ये कुणी खोकत नव्हतं. मंगल पहिल्या पेटीवर, मी तिच्या हुकमाने दुसऱ्या पेटीवर. एका वेळी केसभर बटण फिरवायचं. सात नंबर उतरू लागला… आणि पहिल्या रांगेतून एक बारीक घूं असा आवाज येऊ लागला. पंखा मंदावत होता. अण्णासाहेबांनी आधी रुमाल काढला, मग मान वळवली, मग पंख्याकडे असं पाहिलं जसं एखाद्या मास्तराला कारणे दाखवा नोटीस देताना पाहत असावेत. तेवढ्यात गावडेमामा धावत विंगेत.

"बाई, साहेबांचा पंखा मरतोय!"

"मामा, बोर्ड सोडून आलात? जा आधी. हात ठेवा तिथे." मग तिने खाली पाहिलं, पेटीतून निघालेली परकी वायर तिला दिसली, आणि तिने माझ्याकडे पाहिलं. 

मी कुजबुजलो, "मंगल, सात वर घेऊ? थोडाच. साहेब घामाघूम झालेत. हॉल जाईल गं आपला."

"नाही."

"अगं, हॉलसाठीच चाललंय ना हे सगळं?"

"नाटकासाठी चाललंय. मागे चारशे माणसं तिकीट काढून घामात बसलीत, त्यांचं काय?" एवढं म्हणून तिने वाकून पंख्याचा प्लग उपटला आणि माझ्या मांडीवर ठेवला. घूं थांबलं. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर एकच दिवा उरला. हॉलमध्ये इतका अंधार आणि इतकी शांतता मी त्याआधी अनुभवली नव्हती. मग ती म्हणाली, "आता. पाच आणि सहा. माझ्याबरोबर."

उजाडायला लागलं. तिच्या दोन हातांत चार बटणं, माझ्या हातात दोन. आणि मी… आता ती नाही, तेव्हा छापून टाकतो. सहा नंबर पूर्ण वर गेल्यावर माझं बोट आपोआप आठवर गेलं आणि मी ते बटण टोकापर्यंत फिरवलं. माझा सूर्य होता तो. मला वाटलं, एकाने काय होतंय?

काहीच झालं नाही. फ्यूज उडाला नाही आणि आठवा दिवाही लागला नाही. सहा दिवे लागले होते आणि ते कसे लागले होते म्हणून सांगू! मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने श्वास घेतला, पुढच्यांनी डोळ्यांवर हात धरले. सहाचे साठ झाले होते. टाळ्यांत मी तिच्या कानाशी ओरडलो, "आठवा खराब आहे वाटतं!" ती पडद्याच्या दोरीकडे धावता धावता म्हणाली, "खराब नाही. दुपारीच बल्ब काढून पर्समध्ये ठेवलाय. मी काय तुला आज ओळखते?" तिकडून गावडेमामा हात उंचावून सांगत होते, "कोमट, बाई! नुसता कोमट!"

हॉलचं भवितव्य मात्र अजून टॉवेलच्या खुर्चीवर बसलं होतं. अण्णासाहेबांनी रंगमंचावर येऊन अर्धा तास संस्कृतीच्या प्रकाशावर भाषण केलं आणि मग आम्हाला त्यांच्या खोलीत बोलावलं. सदरा पाठीला चिकटलेला.

"पंखा कुणी बंद केला?"

मी तोंड उघडलं. त्यातून आवाज यायच्या आत मंगल म्हणाली, "मी केला."

"का?"

"नाटकाच्या लायनीवर होता साहेब. तुमचा पंखा ठेवला असता तर शेवट गेला असता."

"आणि माझा हॉल आहे, मी उद्यापासून देणारच नाही म्हटलं तर?"

"तर तुमचा हॉल आहे. पण लिहून दिलं होतं ते फ्यूजचं. तो उडाला नाही. मामांना विचारा."

मामांना खरंच विचारलं गेलं. मामा ताठ उभे राहून "कोमट" म्हणाले. अण्णासाहेबांनी मंगलकडे पाहिलं. त्यांना नाही म्हणणारं माणूस त्या खोलीत फारसं येत नसावं. मग ते म्हणाले, "पहिल्या रांगेला वेगळा प्लग बसवून घ्या. पुढची तारीख कोणती हवी?" या माणसाबद्दल मी पुढे बरंच वाईटसाईट बोललो आहे, पण हे एक वाक्य त्याच्या नावावर जमा राहू दे. हॉल आम्हाला राहिला. आम्हालाच नव्हे, आमच्यामागून रात्रशाळेच्या कामगारांना, टपालवाल्यांना, भीमजयंतीला नाटक बसवणाऱ्या वस्तीतल्या मंडळींना, सगळ्यांना.

त्यानंतर घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत हौशी मंडळ्या तिच्याकडे पेटी मागायला येऊ लागल्या. तयार पेटी तिने कुणाला दिली नाही. "रविवारी या, पत्र्याचा डबा आणि दोन माणसं घेऊन. तुमच्या हाताने करा. बिघडली तर रात्री मला उठवायला येऊ नका, तुमचं तुम्ही उघडा." बैठकीच्या खोलीत जमिनीवर कागद पसरून, सोल्डरच्या वासात, मी तिथे पुष्कळ रविवार घालवले. अठरा वर्षांच्या मुली आणि पन्नाशीचे कारकून एकमेकांच्या तारा ओढत असायचे आणि मंगल फिरून टोकत असायची, "हा काय जोड आहे? नाक पुसलंय का?" पुढे बाजारात तयार, छान, स्वस्त पेट्या आल्या. मला वाटलं तिला वाईट वाटेल. ती म्हणाली, "बरं झालं. रविवार सुटला."

पंखा मी लावला होता हे तिने मला कधीच बोलून दाखवलं नाही. एकदा, खूप वर्षांनी, मीच कबूल करायला लागलो, तर म्हणाली, "राहू दे रे. तू लावला नसतास तर तो प्लग कधी बसला असता का?"

परवा संध्याकाळी दत्ताकडे गेलो होतो. आता तो मुलाच्या नव्या घरात, तिसऱ्या मजल्यावर राहतो. अंधारून आलं तसा दत्ता उठला, स्वयंपाकघरात जाऊन तिथला दिवा बंद करून आला, आणि मग बाहेरच्या खोलीचा लावला. मुलगा सुनेला म्हणाला, "बघ, बाबांचं सुरू झालं." मी म्हटलं, "दत्ता, अरे या घराची वायर पाच हॉलना पुरेल एवढी आहे. लाव की सगळे."

"माहीत आहे मला," दत्ता म्हणाला. "नाही लावणार."

 तासाभराने मी निघालो. मुलगा आणि सून खाली फिरायला गेले होते. जिन्यातला दिवा सोसायटीचा, तो गेले दोन दिवस बंद होता, म्हणून दत्ताने दाराबाहेरचा आपला दिवा लावला, पण त्याआधी आत जाऊन खोलीतला विझवला. "सावकाश उतर," तो म्हणाला. मी दुसऱ्या मजल्याच्या वळणावरून वर पाहिलं. दार उघडं होतं, पायऱ्यांवर लख्ख उजेड होता, आणि आत अंधारात दत्ता खुर्चीवर बसून माझी पावलं खाली पोहोचायची वाट पाहत होता.